रेघी कणीस

केजाजीच्या खळ्यावर
ज्वारीचं एक कणीस निघालं असं :
पांढऱ्या दाण्यांवर लाल ओरखडे,
लाल पेन चालतो का
कुणी पाहिल्यासारखे.

"रोग व्हय का, मॅडम?"

नाही म्हटलं. आत एक तुकडा आहे,
त्याचं बूड एका जागी टिकत नाही.
रंगाच्या वाटेत बसला, दाणा पांढरा.
उठला, की तिथून पुढं लाल.
जाताना दोन-चार अक्षरं सांडतो,
त्यावरून कळतं, इथं कोणी होतं.

"म्हंजे धुऱ्यावरचा गोटा.
भावानं सरकवला तसा."

माणसातही असतात, मी म्हणाले.
बहुतेक आता निजलेले.

त्यानं नखानं रेघ खरवडली.
निघाली नाही.
कणीस टोपीत ठेवलं :
"बियाले. पाहू,
फिरून कुठी बसते."