कीली

उद्यमबागेत रात्रपाळीची भट्टी तापत आलेली
आणि मी वरच्या मजल्यावर, झेड ड्राइव्हपुढे.
एक्काहत्तर टक्के.
तिथपर्यंत बिनबोभाट येतं, मग थांबतं,
अर्ध्या जिन्यात आपण वर कशाला निघालो होतो
ते विसरलेल्या माणसासारखं.

परवानगी नाकारली, म्हणतं.
कुणी, ते सांगत नाही.

जागा बघितली. आहे.
अ‍ॅडमिन होऊन बघितलं. तेच.
वाट फार लांब होते म्हणून फोल्डरांची नावं छाटली:
‘नवीन’च्या पोटात ‘नवीन अंतिम’,
त्याच्या पोटात ‘अंतिम देसूरकरांनी बघितलेलं’.
देसूरकर रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
त्यांचा मी आज फक्त ‘द’ ठेवला.
अँटीव्हायरस झोपवला. केबल काढून फुंकर मारली,
फुंकरीनं काही होत नाही हे शिकूनच इथं आलेय मी.
एक्काहत्तर.

सामाईक म्हटलं की असंच.
सगळ्यांची जागा, झाडायची पाळी कुणाचीच नाही.
‘तात्पुरतं’ नावाची चाळीस फोल्डरं,
सगळ्यात जुनं माझ्या नोकरीहून मोठं.

शिवलीला हुक्केरीला फोन लावला.
ती गोकाकला, मावसबहिणीच्या हळदीत,
मागं मिक्सर ओरडतोय.
तिनं तिथूनच सर्व्हरची यादी उघडली
आणि म्हणाली, कीली हाक्यार नोड्री.

मी किल्ली शोधायला लागले.
चौतीस वर्षं याच गावात, तरी घाईला
माझा कान मराठीच.
तिच्या कीलीत कुलूपही बसतं,
माझ्या किल्लीत नुसतं उघडणं.
लोखंड एकच, साचा बदलला.

यादीत एकच मशीन: तोलकाटा.
दुपारी चार बावन्नपासून जुनं पॅकेज धरून बसलंय.
अंगात असलेला सदरा
नवा आणलाय म्हणून कुणी कसा ओढून काढणार?

खाली गेले. गेटाजवळच्या केबिनीत
पडद्यावर अर्धी पावती.
भरलेली गाडी: एकवीस हजार तीनशे चाळीस.
रिकामी गाडी:
आणि तिथं कर्सर, लुकलुक, लुकलुक.

‘गाडी हाय की आतच,’ फकिराप्पा म्हणाला,
‘हमाल सकाळी येतेत. ड्रायव्हर झोपलाय बघा
चाकाला लागून.’

म्हणजे हमाल येईनात म्हणून गाडी रिकामी होईना,
गाडी रिकामी होईना म्हणून पावती मिटेना,
पावती मिटेना म्हणून पॅकेज बसेना,
आणि सातच्या पाळीला साच्याचं ड्रॉइंग
कुणालाच उघडणार नाही.

तोडून टाक, शिवलीला म्हणाली, एका क्लिकचं काम.
खरंच एका क्लिकचं.
पण एकवीस टन गेले असते त्यात, कागदावरून,
आणि सकाळी भांडायला उरला असता
चाकाशी झोपलेला तो माणूस.

फकिराप्पाच्या हजेरीवहीचं मागचं पान घेतलं.
गाडीचा नंबर, वजन, वेळ.
खाली त्याची सही, कन्नडमध्ये,
शेवटचं अक्षर म्हशीच्या शेपटीसारखं ओढलेलं.
मग पावती मिटवली. पडदा काळा झाला.
ड्रायव्हर कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

वर येऊन पुन्हा सुरू केलं, तर म्हणतं,
हे पॅकेज आधीच बसवलेलं आहे.

हसावं की काय करावं.
एक्काहत्तर वेळा नाही म्हणून
आता शपथेवर सांगतंय की झालंच होतं.
अर्धवट आलेलं सगळं हातानं पुसलं,
एकेक फोल्डर, ‘द’ तेवढा सोडून,
आणि पहिल्यापासून.

सत्तर.
एक्काहत्तर.
खाली कुणीतरी भट्टीचं दार उघडलं,
खिडकी तांबडी झाली.
बहात्तर.

सकाळी हमाल आले, गाडी रिकामी झाली,
काट्यावर चढली. मी वही मागितली.
रिकाम्या वजनासाठी मी जागा सोडली होती;
तिथं फकिराप्पानं
तंबाखूचं बोट पुसलेलं.