कपबशी

शालन माजिक हे नाव पहिल्यांदा भिंतीवर काढलं
तेव्हा माझा ल फार पसरला
आणि न अंग चोरून बसला.
ती शिडीखाली उभी. म्हणाली, राहू दे रे,
आमच्या बायांना वाचता कुठे येतं,
तू विळा तेवढा नीट काढ.

डिचोलीच्या बाजारात तेव्हा माझं दुकान नव्हतं.
एक शिडी, तीन ब्रश, सगळ्या पक्षांची उधारी.
तिची नव्हती. ती आधी द्यायची,
रुमालात बांधलेली नाणी,
नाण्यांना भाजलेल्या काजूचा वास.
आणि पावती मागायची.
तिच्यासाठी मी पावतीपुस्तक छापून घेतलं,
अजून अर्धं कोरं आहे.

सहा वेळा विधानसभेला पडली, सहाही वेळा अनामत गेली.
बाजार म्हणायचा, शालनबाय सरकारला नेमाने देणगी देते.
एकदाच जिंकली, नगरपालिकेला, नऊ मतांनी.
पाच वर्षांत काय केलं?
काजूच्या कारखान्यामागे एक खोली, सहा पाळणे, नळ,
आणि दारावर मी लिहिलेली ओळ:
मूल पाजायला गेलेल्या बाईची वेळ कापू नये.
मालकाने दोनदा चुना फासला.
मी दोनदा पुन्हा लिहिली,
दुसऱ्यांदा फुकट.

मतदानाला बूथवरचा पोरगा बायांची बोटं धरून अडला.
टरफलाच्या तेलाने कातडी आधीच जळून काळी,
शाई लावायची कुठे?
अगोदर मत दिलंय म्हणून दोघींना परत धाडलं.
ती आत गेली, टेबलावर दोन्ही पंजे पसरले:
घे, ही उमेदवाराची बोटं. हिलाही धाड परत.

मध्ये एकदा इटलीला जाऊन आली.
बोलोन्या की काय, कामगार बायांचा मेळावा.
तिथली एक सिनेटर,
भाताच्या खाचरात तण उपटणाऱ्या बाईची मुलगी,
काजू चावता चावता खुणेने विचारते, हे सोलतं कोण?
शालनबायने हात पुढे केला.
तो हात तिने बराच वेळ सोडला नाही म्हणे.

सात वर्षांनी त्या बाईचं पत्र आलं.
म्हाताऱ्या आल्वितो फार्मासिस्टने पोर्तुगीजच्या जोरावर
अर्धं वाचलं, अर्धं ठोकून दिलं:
पक्षाने नाव बदललं. चिन्हही.
सभागृहात म्हातारे पुरुष रडले.
मी विरोधात हात वर केला,
मग घरी जाऊन भात टाकला.
शालनबाय हसली. आमच्याकडे बरं,
नावं तीच राहतात, माणसं बदलतात,
रात्री दोन वाजता, रिसॉर्टच्या बसमध्ये चढून.

पुढे आमच्याकडेही फुटलेच.
वास्कोचे एकीकडे, फोंड्याचे एकीकडे,
मधे विळा, कोर्टात.
सातव्यांदा ती अपक्ष. चिन्ह कपबशी.

मी सवयीने लाल डबा उघडला.
कपबशी लाल नसते रे, ती म्हणाली.
मग कशी काढू?
पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली.
कारखान्यात मालकांचे कप वेगळे,
आम्हाला कान तुटलेले. तसा काढ.

निवडणुकीचा साहेब आला, कागदाशी ताडून म्हणाला,
चिन्हाला कान हवा.
काढला मग. फिकट.
इतका फिकट की फक्त साहेबाला दिसावा.

आता सांगायला हरकत नाही.
सहा वेळा तिचं नाव रंगवलं
आणि मत तिकडे दिलं जिकडे उधारी मोठी होती.
सातव्यांदा पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो.
यंत्रावर छापील कपबशी,
कान असा ठसठशीत,
की क्षणभर मला कळेचना ही कुणाची.
बोट तसंच हवेत.
मागून कुणीतरी खाकरलं.