मुकादम कोन आहे?

चुलबंदच्या काठी आमचं गाव.
टॉवर नदीपल्याड, एका दांडीवर तग धरून असतो.
मी रात्री नऊ ते सकाळी सहा
ओहायोतल्या एका विमा कंपनीला
तिचे विसरलेले पासवर्ड परत देते.

ओळखपत्रावर एका कंपनीचं नाव,
पगाराच्या चिठ्ठीवर दुसरीचं,
ईमेलच्या शेपटीला तिसरीचं.
नागपूरच्या ज्या बिसेन सरांनी मुलाखत घेतली
ते चौथ्याच कुणाचे निघाले.
आता फोन उचलत नाहीत.

आई रोवणीहून येते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या.
चहा ठेवता ठेवता विचारते,
"तुमचा मुकादम कोन आहे वो?"
माहीत नाही, मी म्हणते.
"मंग भाव कोनाशी केला?"

तिच्या टोळीत बावीस जणी.
हुंड्याचा एकरी भाव धुऱ्यावरच ठरतो,
सगळ्यांच्या देखत.
नाही जमला तर पऱ्ह्याच्या पेंढ्या तशाच टाकून
बावीसही जणी धुऱ्यावर बसून राहतात, बोलत नाहीत.
शेवंताबाई मुकादमीन एकरामागे दोनशे वर घेते,
"पन सांगून घेते."

मागच्या महिन्यात कुणीतरी चुकून
एक तक्ता सगळ्यांना पाठवला.
त्यात माझं नाव नव्हतं. होतं ते असं:
रिसोर्स, लेव्हल वन, तासाला एकतीस डॉलर.
चार मिनिटांत ईमेल मागे घेतला गेला.
तेवढ्या वेळात मी आईच्या वहीत,
रोवणीच्या हजेरीखाली, भागाकार केला.
माझ्या हातात तासाला अडुसष्ट रुपये पडतात.
बाकीचे कुठल्या कुठल्या धुऱ्यावर उतरले
ते वहीत मावेना.

तीन वर्षं शेरा एकच: अपेक्षेप्रमाणे.
वाढ: बजेट नाही.
यंदा सोबत एक चित्र आलं,
टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात.

आता हुकूम आहे, तीन आठवड्यांत सगळं लिहून द्या.
काम आणखी स्वस्त जागी चाललंय.
कुठे, ते सांगत नाहीत.
मला हे काम लॉरीननं शिकवलं,
ती एकोणीस वर्षं होती तिथे.
तिलाही तीनच आठवडे दिले होते.
शेवटच्या दिवशी म्हणाली,
तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर दोनदा बंद करायला सांग,
आणि त्याच्यावर चिडू नकोस.
मी तेही लिहिलंय. पान एक्केचाळीस.
तो प्रिंटर मी कधी पाहिला नाही.
लॉरीनलाही नाही.

तुम्हाला बेंचवर ठेवू, म्हणाले.
आईला सांगितलं.
"शाळेतल्यावानी? आनि पगार?"
बेंचला पगार नसतो.
"मंग घरी बसवलं म्हन ना सरळ."

काल संध्याकाळी सगळ्यांची मोठी मीटिंग.
एकशे त्रेचाळीस चौकोन, बहुतेक काळे.
बेंगळुरूच्या उपाध्यक्ष बाई,
मागे पुस्तकांचं खोटं कपाट,
त्यातून त्यांचा कान अधूनमधून गायब व्हायचा.
म्हणाल्या, आपण एक कुटुंब आहोत,
कुटुंबात प्रश्न विचारायला लाजायचं नसतं.
कुणी काही विचारलं नाही.

लाइट गेलेली. इन्व्हर्टर कण्हत होता.
आई दारात चिखलाचे पाय धूत होती,
वाकून तिनं स्क्रीनकडे पाहिलं,
आणि माझा माईक उघडा होता.

"हीच का तुमची मुकादमीन?
विचार ना मंग, एकरामागं कितीक घेते!"

बाई थांबल्या. कान गेला, परत आला.
कुठल्याशा काळ्या चौकोनात कुणी खुदकन हसलं.
मग खाली एक ओळ उमटली, देवनागरीत,
मूलकडचा कुणी नन्नावरे:
"माझाही हाच प्रश्न आहे."
त्याखाली आणखी एक. त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

आपापले माईक बंद करा,
अशी सूचना तीनदा आली.
माझं बोट बटणावरच होतं.
आई पाय पुसून उंबऱ्यावर टेकली,
पदरानं हात कोरडे केले,
आणि स्क्रीनकडे बघत
बसून राहिली, बोलली नाही.