गुरुवारपर्यंत

गोऱ्हे खच्ची करण्यात गेली माझी अकरा वर्षं.
चिमटा आवळून मी साठपर्यंत मोजतो.
मालक मान फिरवतो, मी नाही.

आंघोळीत बोटाला लागला तो,
तुरीच्या दाण्याएवढा.
दुखत नव्हता, म्हणून तर.

सेवाग्रामला सोनोग्राफी झाली, रक्त दिलं.
रिपोर्ट गुरुवारी.
मंदाला म्हटलं, हर्निया असंल.
ती म्हणाली, मंग पाण्याचे गुंड उचलू नका.

आज डोमाजीचा गोऱ्हा निंबाखाली बांधला होता.
हात लावून पाहिलं :
दोन्ही सारखे, गरम.
"काहून थांबले, डॉक्टर?"
म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू.
तो कुटार चघळत उभा,
शेपटीनं माश्या हाकलत.

किक मारताना पाय आपोआप जपून पडला.
गाडी चालू झालीच नाही.
बसलो तसाच सीटवर, मोजत.

मंगळवार आहे.
अजून मंगळवारच.