गळ्याशी

निफाडचा पारा पाचावर उतरला त्या आठवड्यात
मी पंखा लावून झोपत होते.
शेजारी हेमचंद्र, दोन रजयांत,
काही न बोलता.

बोलायचं ते दिवसा बोलून झालेलं असे.
मनाला फार लावून घेतेस.
पोरगी पुण्यात शिकतेय, अंथरुणाला कुणी खिळलेलं नाही,
फ्लॅटचं कर्ज फिटलंय,
मग टेन्शन कसलं?
मलाही तेच विचारायचं होतं. कसलं?

पतसंस्थेत, काउंटर तीनवर,
एकवीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून बघते.
जानेवारीत माझीच जुळेना.
'क'चा दांडा थरथरत खाली यायचा,
कुणी म्हातारीचा हात धरून काढून घ्यावा तसा.
कोठावदेसाहेब म्हणाले, मॅडम, दोन दिवस त्र्यंबकला जाऊन या.
गेले. कुशावर्ताच्या पायरीवर बसले.
बसल्या जागी छाती धावत सुटलेली,
मीच कुठेतरी मागे राहिलेली.

तांबट आळीत वाढले मी.
बाबांच्या हातोडीचा ठोका झोपेतही ओळखायचे,
घागरीचा वेगळा, परातीचा वेगळा.
हा कशाचा, ते कळेना.
इतकं ठोकून भांडं काही घडत नव्हतं.

कॉलेज रोडवरच्या समुपदेशक बाई भल्या होत्या.
चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
श्वास ऐकायचा त्यांचं.
ठोका ऐकत नव्हता.

मग पुतण्याचं लग्न निघालं,
आणि कपाटातून ठुशी.
नऊ किलो वजन उतरलेलं,
पाटल्या कोपरापर्यंत घसरतायत,
आणि ठुशी गळ्याला काचते.
हसलेच मी. सोनंसुद्धा घाबरलं वाटतं, आखडलं.

सराफ बाजारात धोंडूअण्णा पटवेकरी,
पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून,
वर न बघता म्हणाले,
तुमच्या अंबूताईंचीही मीच सैल केली होती. दोनदा.
मग त्यांनी घालणंच सोडलं.

अंबूआत्या.
कुकरची शिट्टी झाली की पदर तोंडात.
घरात भेदरट म्हणत तिला,
पाहुण्यांपुढे टपोऱ्या डोळ्यांची.
दंडाला दोरे, उशाखाली सुरी,
भगताकडे तीन अमावास्या.
एकोणचाळिसाव्या वर्षी गेली, पहाटे, झोपेत.
घाबरून गेली, असं आजही सांगतात.
तिचा फोटो मी त्या रात्री भिंतीवरून उतरवला,
चष्मा लावून, डोळ्यांऐवजी
पहिल्यांदा गळा पाहिला.

गंगापूर रोडच्या दवाखान्यातली डॉक्टर पोरगेलीशी.
पाणी प्या, म्हणाली.
मी घोट गिळला, ती गळ्याकडे बघत राहिली.
अजून एक.
हात पुढे करा. बोटं पसरा.
माझ्या बोटांवर तिने कोरा कागद ठेवला,
तो फडफडला, खिडकी बंद असताना.

थायरॉइडचा रिपोर्ट आला.
आकडा इतका लहान
की दशांशचिन्हावर डाग पडलाय असं वाटून
मी बोट घासून पाहिलं.

जिन्यात बसून रडले.
सुटल्यासारखं वाटलं म्हणून नव्हे.
आठ महिने ज्यांची ज्यांची माफी मागितली
ते एकेक आठवत होते.
नणंद. कोठावदेसाहेब. हेमचंद्र, रोज रात्री.
आणि अंबूआत्या,
तिची तर कुणीच मागितली नाही.

गोळ्या सुरू होऊन आता पाच महिने.
ठोका उतरलाय, रजई मीही ओढते,
'क' सरळ उभा राहतो.
सगळी भीती गेली असं नाही.
गॅस बंद केला का, अशी जी माझी जुनी, स्वतःची,
ती परत आलीय, मी तिला ओळखते.

आणि एक नवी.
दिवाळीत मुक्ता घरी आली,
ठुशी काढली, आरशासमोर लावून बघत होती.
गोंडा ओढला तिने, सैल केला,
पुन्हा थोडा सैल.
काय बघतेस गं आई अशी?

काही नाही, म्हटलं.
पाणी पी.