आग्रहाचे दोन गुण

देवबागला, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये
मंडपवाल्या मालंडकरांची टेबलं.
एकाचा पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा.
पोरं नऊ. काटेचमचे बावीस.
सहा आठवड्यांत यांना
तारकर्लीच्या हॉटेलांजोगं करायचंय मला.

ताट टेबलाच्या काठापासून
अंगठ्याच्या एका पेरावर, मी सांगितलं.
लौकिक कुबलनं पेर टेकवलं एकदाच
आणि पुढची सहा ताटं नुसत्या नजरेनं लावली,
रेषेत.
त्याचा बाप जाळ्याचा आस बोटांनी मोजतो.

माशाची सुरी हातोहात फिरली.
कुणी तिला उलथनं म्हटलं.
ब्रेंडा म्हणाली, "टीचर, काटो जिभेक गावता,
सुरयेक खंय गावतलो?"
छापील आकृतीत उत्तर नव्हतं.
सोलकढीच्या पेल्याला जागाही नव्हती,
ती आम्ही हात वर करून ठरवली:
पाण्याच्या उजवीकडे,
कोपर लागणार नाही इतकी लांब.

रुमालाचा पंखा जमला, कमळ जमलं.
होडी मात्र कुणाला पटेना.
"हिका नाळ खंय आसा?"
हर्षाली खोबरेकरनं ती उलगडली,
पुन्हा घातली घडी, आणि होडीला नाळ आली.

काटा-सुरी तिरकी, म्हणजे जेवतोय.
समांतर, म्हणजे झालं.
"आणि झाला म्हटल्यावर?"
झालं म्हटल्यावर आपण थांबायचं.
यावर सगळे गप्प.

इथंच घोडं अडलं.
डावीकडून वाढायला शिकली, उजवीकडून उचलायला,
बशीवर बशी आवाज न करता ठेवायला.
पण पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला
की यांचा डाव बोटांच्या फटीतून भात सोडणार.
'नको म्हणजे नको' मी फळ्यावर लिहिलं.
हर्षालीनं वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या,
मग म्हणाली,
"पयलो नको मोजूचो नसता, टीचर.
आवस तिसऱ्याक थांबता."
हॉटेलात पहिलाच मोजायचा, मी म्हटलं.
तिनं तेही लिहून घेतलं,
मेलेल्या माणसाचा पत्ता लिहावा तसं.

परीक्षेच्या दिवशी साहेब मालवणातच अडकले.
पाहुणी मीच झाले.
पणजीत अठरा वर्षं मी लोकांच्या खुर्च्या ओढल्या,
लौकिकनं माझी ओढली तेव्हा
बसायचं कसं तेच आठवेना.
घरी मी ओट्यापाशी उभ्यानं जेवते,
पातेल्याच्या झाकणात.
झाकण एकच,
त्यामुळे मांडणी चुकत नाही.

हर्षाली डावीकडून आली.
भात, बांगड्याचं तिखलं,
थेंबही कापडावर नाही.
मी चार घास खाल्ले, रुमाल ओठांना टेकवला,
काटा-सुरी समांतर ठेवली.
तिनं ताटाकडे पाहिलं.
माझ्या मनगटाकडे पाहिलं.
"वायंच," म्हणाली,
आणि सुरीवरच भात घातला.
सुरी दिसेनाशी झाली.

तक्त्यात तिच्या नावापुढे,
'पाहुण्याच्या इच्छेचा मान' या रकान्यात
मी लिहिलं: दोनपैकी शून्य.
नियम नियम असतो, आणि नोकरी नोकरी.
पेनाचं टोपण लावलं.
मग बाही सारली वर,
आणि सुरी शोधायच्या भानगडीत न पडता
तिखलं कालवलं बोटांनी.
नऊ पोरं भिंतीला टेकून, हात मागे,
शिकवल्याप्रमाणे पाहत नव्हती माझ्याकडे.
खिडकीबाहेर कुणीतरी होडी ओढत होतं वर,
हाळी ऐकू येत होती.

ताट निम्मं झालं तशी ती पुन्हा आली,
डाव घेऊन, डावीकडूनच.
नको, मी म्हटलं.

पहिल्यांदा.