घोळाआधीचं

आलेली लग्नपत्रिका अब्बा टाकत नसत.
उभी चिरून, मागच्या कोऱ्या बाजूवर
एकेक रावी: नाव, बापाचं नाव, गाव,
कुणाकडून ऐकलं, कुणाला सांगितलं,
आणि तळाशी लाल शाईत निवाडा.
"सच्चा." "सच्चा, पण विसरभोळा."
"नेक माणूस. हदीस घेऊ नये."

बुटांच्या सव्वीस खोक्यांत
डोंगरीच्या आमच्या पोटमाळ्यावर राहायचे सगळे,
बसऱ्याचे, कूफ्याचे, मर्वचे,
पाठीमागे कुणा अफरोज उंड्रेचा वलीमा,
माझगावचा हॉल, जेवण रात्री आठला.

नेक आहे, तर का नको?
अब्बा म्हणत, "इसाकभाई कधी खोटं बोललाय?
पण त्याच्या दुकानाची उधारी कोण लिहितं?
बायको."

एक शेरा कळायचा नाही: "शेवटी घोळ."
मला वाटे मासा,
भाऊच्या धक्क्यावरून येतो तो.
अब्बा खोकला लागेपर्यंत हसले.
मग म्हणाले, म्हातारपणी ज्याचं स्मरण कालवलं जातं
त्याचं सगळं फेकायचं नसतं.
घोळाआधी ऐकलं असेल, घ्यावं.
नंतर ऐकलं असेल, सोडावं.
कधी ऐकलं ते ठाऊक नसेल
तर थांबावं.

परवा अस्रनंतर त्यांनी मला जुबेदा म्हटलं.
जुबेदा फुफी सत्त्याण्णव साली गेल्या.
काल सनद म्हणून दाखवली, सात नावं,
एकही अडखळलं नाही,
फक्त सहावा आमचा दूधवाला होता.

गुरुवारी तळोज्याहून जुना शागीर्द आला, वही घेऊन.
दारातच विचारलं, तुम्ही कधी ऐकलंत त्यांच्याकडून?
तो रागावला नाही.
पहिल्याच पानावर तारीख होती.
ती बघून मी त्याला चहा केला.

रात्री पत्रिका चिरली. माझ्याच लग्नाची, उरलेली.
अब्दुल गफूर, वल्द हसनमिया, गाव दाभोळ.
सच्चा. पक्का.
पुढे तारीख हवी.
जुबेदा म्हणाले तो दिवस?
की त्याआधीचा, मला तापात पाठीवर घेऊन
जे.जे.पर्यंत धावल्याची गोष्ट
एकाच जेवणात दोनदा सांगितली तो?
आणि ती गोष्ट तरी मी पहिल्यांदा कधी ऐकली?
दुसरा साक्षीदार आई. ती नाही.

पेन टेकलेलंच राहिलं,
लाल ठिपका पसरत गेला, पलीकडे माझ्या नावापर्यंत.
आतून हाक आली, जुबेदा.
आले, मी म्हटलं.